नर्सिंगच्या जागा वाढत आहेत; मग वॉर्डात सिस्टर का नाहीत?

पाणंद (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो आणि तेथील ५० खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर अशासकीय सदस्य आहे. मी शिक्षक होतो, आरोग्यसेवेतला नव्हे. त्यामुळे प्रश्न थोडा विस्ताराने मांडतो आहे, जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

आमच्या भागातील एका शिक्षणसंस्थेने जीएनएमचा (परिचर्या व प्रसूतिविद्येच्या पदविकेचा) ४० जागांचा अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरवले असून विद्यार्थिनींच्या प्रात्यक्षिकासाठी आमचे रुग्णालय संलग्न करून मिळावे, असे पत्र दिले आहे. निर्णय अर्थातच वरच्या कार्यालयाचा. परंतु समितीचे म्हणणे काय ते कळवा, असे वैद्यकीय अधीक्षकांनी सांगितले. बैठकीत बहुतेकांचा सूर असा होता, की परिचारिकांची एवढी चणचण असताना नर्सिंगची शाळा आपणहून दारात येत असेल तर नाही कशाला म्हणायचे. शिवाय शिकाऊ मुलींचे हात मिळतील आणि संलग्नता शुल्कातून समितीच्या खात्यात चार पैसे जमा होतील.

मला मात्र हा हिशेब जुळत नाही. आमच्या रुग्णालयात अधिपरिचारिकांची (स्टाफ नर्सची) पदे मंजूर आहेत, पण ती सगळी कधीच भरलेली नसतात. त्याच वेळी आमच्याच तालुक्यातील जीएनएम झालेल्या मुली संभाजीनगर आणि पुण्याच्या खासगी रुग्णालयांत बारा-तेरा हजारांवर राबत आहेत आणि काहीजणी घरी बसून सरकारी सरळसेवा भरतीच्या जाहिरातीची वाट पाहत आहेत. परिचारिका खरोखरच कमी असतील तर त्यांना एवढा कमी पगार कसा मिळतो, आणि पुरेशा असतील तर आमची पदे रिकामी का राहतात? कमतरता नेमकी कशाची आहे: शिकवण्याच्या जागांची, शिकलेल्या माणसांची, की नेमणुकांची? उत्तर कळले तर समितीत निदान समजून बोलता येईल.

काटेसावर

पाणंद सर, मी शासकीय परिचर्या प्रशिक्षण केंद्रातून पाठ्यनिर्देशिका (नर्सिंगची शिक्षिका) म्हणून निवृत्त झाले आहे, त्यामुळे शिक्षणाच्या बाजूचे तेवढे लिहिते. भरतीचे ज्यांना ठाऊक आहे ते लिहितीलच.

आपल्या राज्यात एएनएम (साहाय्यक परिचारिका-प्रसविका) दोन वर्षांचे आणि जीएनएम तीन वर्षांचे. ही दोन्ही महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे येतात. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे असून ते नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असते. उत्तीर्ण झाल्यावर नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत होते आणि किमान निकष भारतीय परिचर्या परिषदेचे असतात. (१९४७ चा जो कायदा या केंद्रीय परिषदेचा आधार आहे, त्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला, त्यातून तपासणी खरोखर कडक होईल की पाटी तेवढी बदलेल, याविषयी मी फारशी आशावादी नाही.) एवढ्या ठिकाणी कागद फिरतो, पण तपासणीत मोजली जाते ती बहुतांशी इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि बस. मुलगी जिथे प्रत्यक्ष घडते तो वॉर्ड मोजताना सगळ्यांचाच हात आखडतो.

आता तुमच्याच रुग्णालयाचा हिशेब करू. ४० जागा आणि तीन वर्षे, म्हणजे संस्था पूर्ण भरल्यावर १२० विद्यार्थिनी. परिषदेचा निकष तीन रुग्णांमागे एक विद्यार्थिनी असा आहे आणि खाटा किमान ७५ टक्के भरलेल्या असाव्यात, अशी अपेक्षा आहे. ५० खाटांचे ७५ टक्के धरले तर ३७-३८ रुग्ण होतात आणि त्यांच्यावर एका वेळी बारा विद्यार्थिनी नीट शिकू शकतात. सगळ्या १२० जणी एकाच दिवशी वॉर्डात नसतात हे खरे. काहींचे वर्ग चालू असतात, काही सामुदायिक आरोग्यासाठी गावात गेलेल्या असतात, काही मनोरुग्णालयात. तरीही तिसरा हिस्सा धरला तरी ४० जणी होतात, आणि बहुतेक संस्था त्यांना सकाळच्या पाळीतच पाठवतात, कारण बसची एकच फेरी परवडते. शिवाय ५० खाटांच्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग, हाडांच्या शस्त्रक्रिया, भाजलेले रुग्ण, नवजात बालकांचा विशेष कक्ष यांपैकी कितीसे असते? त्यासाठी या मुली जिल्ह्याच्या ठिकाणी जाणार, जिथे आणखी तीन-चार संस्थांच्या मुली आधीच उभ्या असतात.

त्या गर्दीत काय होते ते मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. एका खाटेभोवती दहा गणवेश. एकीने रक्तदाब मोजायचा आणि बाकीच्या नऊजणींनी तोच आकडा आपापल्या वहीत उतरवायचा. प्रसूतिकक्षात तर याहून वाईट स्थिती असते. अभ्यासक्रमाने प्रत्येकीने स्वतः करायच्या प्रसूतींची संख्या ठरवून दिलेली असते, आणि ती परीक्षेआधी केसबुकात, म्हणजे तिच्या नोंदवहीत, पूर्ण दिसावीच लागते. प्रसूती कमी आणि मुली जास्त झाल्या, की एकाच बाईचे नाव आणि नोंदणी क्रमांक चार केसबुकांत सापडतो. सह्या झालेल्या असतात. ती मुलगी उत्तीर्ण होते, तिचे नाव परिषदेच्या नोंदवहीत चढते, आणि पहिल्या नोकरीत पहिल्या रात्री अतिरक्तस्राव होणारी बाई समोर आली की तिला काय सुचणार?

दुसरी अडचण शिक्षकांची. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक या निकषाने १२० मुलींना बारा शिक्षक लागतात आणि त्यांनी वर्गाइतकेच वॉर्डातही उभे राहायचे असते. एमएस्सी झालेल्या आणि हाताला वॉर्डची सवय असलेल्या शिक्षिका तालुक्याच्या गावी किती पगारावर येतील, हे संस्थेला विचारून पाहा. बऱ्याच ठिकाणी तपासणीच्या दिवशी हजर असणारे आणि एरवी न दिसणारे शिक्षक असतात. आमच्या क्षेत्रात हे गुपित नाही. शासकीय केंद्रांची बाजूही मी झाकणार नाही. तिथे वॉर्ड उत्तम असतो, रुग्ण भरपूर असतात, पण पाठ्यनिर्देशिकांची पदे रिकामी राहतात आणि एखाद्या परिसेविकेला (वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरला) वॉर्ड सांभाळून तास घ्यायला सांगितले जाते.

जागा वाढवण्याच्या घाईचे टोक पाहायचे असेल तर मध्य प्रदेशाकडे बघावे. तिथल्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने ३०८ नर्सिंग महाविद्यालये तपासली तेव्हा ६५ अपात्र आणि ७४ त्रुटींची निघाली. पुढे २०२४ मध्ये तपास करणाऱ्यांपैकीच काहीजण लाच घेतल्याच्या आरोपाखाली पकडले गेले आणि पात्र ठरलेल्या महाविद्यालयांचीही फेरतपासणी करावी लागली. मिरजेच्या मिशन रुग्णालयात १८९७ साली परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले तेव्हा आधी रुग्णालय उभे होते आणि त्याच्या गरजेतून शाळा निघाली. आज आधी शाळा निघते आणि मग ती रुग्णालय शोधत फिरते. तुमच्याकडे आलेले पत्र त्याच प्रकारचे दिसते.

सायंपाळी

मॅडमनी लिहिलेल्या एकूण एक ओळीशी सहमत आहे. मी सध्या परिसेविका आहे आणि आमचे जिल्हा रुग्णालय अलीकडेच वैद्यकीय महाविद्यालयाला जोडले गेले आहे, म्हणून दुसरी बाजू सांगते.

पाणंद सर, तुम्ही रिक्त पदे म्हणता ती मंजूर पदांतून भरलेली पदे वजा करून येतात. पण मंजूर पदेच गरजेपेक्षा कमी असतील तर ती तूट कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा, की अध्यापन रुग्णालयात (वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या) तीन खाटांमागे एक परिचारिका आणि इतर रुग्णालयात पाच खाटांमागे एक, आणि त्यावर ३० टक्के रजा-राखीव. यात तिन्ही पाळ्या आल्या. म्हणजे ३० खाटांच्या एका वॉर्डाला अध्यापन रुग्णालयात दहा आणि रजेसाठी तीन अशा तेराजणी हव्यात, तेव्हा कुठे प्रत्येक पाळीला तिघी उभ्या राहतात. प्रत्यक्षात आमच्याकडे सकाळी दोघी, दुपारी एक आणि रात्री एकीकडे कधी एक तर कधी दोन वॉर्ड. त्यात खाटा ३० आणि रुग्ण ४५, कारण सरकारी रुग्णालयाने कुणाला परत पाठवायचे नसते आणि जमिनीवर गादी टाकून सोय केली जाते. निकष खाटांवर बेतलेला आहे, गाद्यांवर नाही.

महाविद्यालये जोडली जाऊ लागल्यापासून एक नवाच प्रकार झाला आहे, ज्याकडे बाहेरच्यांचे लक्ष जात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. जालना, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, भंडारा, गडचिरोली ही नावे त्यातलीच. आनंदाची गोष्ट आहे, वाद नाही. पण ३०० खाटांचे जिल्हा रुग्णालय ज्या दिवशी अध्यापन रुग्णालय झाले, त्या दिवशी निकषाप्रमाणे त्याची गरज ७८ परिचारिकांवरून १३० वर गेली. इमारत तीच, खाटा त्याच, रुग्ण तेच. वाढीव ५२ जणी आल्या कुठून? आल्याच नाहीत. उलट रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे जाताना कुणी कुठे राहायचे याचे विकल्प भरून घेतले जातात, आणि सेवाज्येष्ठता, बदली, मुलांच्या शाळा यांचा विचार करून कितीतरी जुन्या सिस्टर मूळ विभागातच राहणे पसंत करतात. अनुभवी हात जातात आणि डॉक्टर विद्यार्थी येतात.

शिवाय जी एक सिस्टर वॉर्डात आहे तिचा वेळ जातो कशात? औषधांचा इंडेंट (मागणीपत्र) भरणे, लिननची मोजदाद, डाएटची यादी, निर्लेखनासाठी (मोडीत काढण्यासाठी) मोडक्या सलाईन स्टँडची नोंद, संगणकावर रुग्ण दाखल केल्याची आणि घरी सोडल्याची नोंद, मंत्र्यांच्या भेटीआधी चादरी बदलणे. रुग्णाच्या अंगाला हात लावण्याचे काम उरलेल्या वेळात. वॉर्डात लिपिक किंवा भांडारपाल दिला तर एकही नवी नेमणूक न करता परिचारिकांचे कितीतरी तास मोकळे होतील, हे मी वरिष्ठांना अनेकदा लिहून दिले आहे. उत्तर येत नाही.

म्हणूनच शिकाऊ मुलींचे हात मिळतील हे तुमच्या समितीतले वाक्य वाचून मला धसका बसला. विद्यार्थिनी शिकायला येते. तिला रोस्टरमध्ये धरून रात्रपाळीला एकटी उभी केली आणि काही बरेवाईट झाले तर उत्तरदायित्व कुणाचे? भंडाऱ्याच्या नवजात शिशु कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी आग लागली, दहा बालके गेली, आणि त्यानंतर ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांत परिचारिकाही होत्या. त्या कक्षाला मनुष्यबळ किती हवे होते आणि किती होते, हा प्रश्न विचारणारे थोडेच निघाले.

कारकून

मी आरोग्य खात्याच्या एका कार्यालयात आस्थापना शाखेत काम करतो. पदे मंजूर असून रिकामी का राहतात, याचे उत्तर कंटाळवाणे आहे पण तेच खरे आहे.

एखादी अधिपरिचारिका निवृत्त झाली म्हणून पद आपोआप भरता येत नाही. आधी आकृतिबंध (कार्यालयाच्या पदांचा आराखडा) मंजूर असावा लागतो, मग बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या आरक्षणाचे याची यादी) अद्ययावत करून मागासवर्ग कक्षाकडून तपासून आणावी लागते, मग वित्त विभागाने जेवढ्या टक्के पदांना मुभा दिली असेल तेवढ्यांचेच मागणीपत्र जाते. परीक्षा खासगी कंपनीमार्फत होते, निकालावर हरकती येतात, कुणीतरी न्यायालयात जाते. २०२३ मध्ये सार्वजनिक आरोग्य विभागाने गट क आणि गट ड मिळून १०,९४९ पदांची जाहिरात काढली आणि त्याच वर्षी वैद्यकीय शिक्षण संचालनालयानेही अधिपरिचारिकांसह हजारो पदांची काढली. अर्ज अर्थातच पदांच्या कितीतरी पट आले. गंमत अशी, की दोन्ही याद्यांत तीच ती हुशार मुले होती. एकीकडे रुजू होऊन दुसरीकडचा आदेश आला की राजीनामा, आणि पहिले पद पुन्हा रिकामे. प्रतीक्षायादीची मुदत संपली की पुढच्या जाहिरातीपर्यंत थांबायचे. नेमणूक दुर्गम तालुक्यात मिळाली तर पहिल्या वर्षापासून बदलीचे अर्ज सुरू होतात, आणि त्यांनाही दोष देता येत नाही, कारण राहायला निवासस्थान नसते.

मधल्या काळात काम चालवण्यासाठी दोन वाटा आहेत. शासकीय केंद्रात शिकलेल्यांना बंधपत्रित म्हणून (शिकताना लिहून दिलेल्या बंधपत्राप्रमाणे) ठरावीक मुदतीवर नेमले जाते आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटी घेतले जाते. नियमित अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते आणि भत्ते वेगळे. अभियानाच्या जाहिरातीत त्याच पात्रतेच्या परिचारिकेला २०,००० रुपये मानधन लिहिलेले असते. दोघी एकाच वॉर्डात, एकाच पाळीला. एकदा कंत्राटीवर काम निभावते असे दिसले की नियमित पद भरण्याची निकड फायलीतून नाहीशी होते. मे २०२२ च्या अखेरीस राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या तेव्हा बाह्यस्रोतातून भरती नको ही त्यांची मुख्य मागणी होती, आणि जुलै २०२५ मध्ये पुन्हा संप झाला तेव्हाही कंत्राटी भरतीचा मुद्दा होताच. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला २४ तासांत २४ मृत्यू झाले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन शासनाला जे प्रश्न विचारले त्यांत रिक्त पदांचाही होता. त्यानंतर काही महिने आमच्या फायली पळाल्या, हे मान्य करतो.

पाणंद, तुमच्या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर असे, की बाजारात परिचारिका आहेत आणि रुग्णालयात गरज आहे, पण या दोहोंच्या मध्ये पैसे देणारा कमी पडतो आहे. शिकवण्याच्या जागा दुप्पट केल्या तरी मंजूर आणि भरलेले पद एकानेही वाढत नाही.

वाळवा ते स्टुटगार्ट

मी ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक आहे. सांगली जिल्ह्यातला, पुण्यात सात वर्षे खासगी अतिदक्षता विभागात काढून आता जर्मनीत काम करतो.

कारकून साहेबांच्या शेवटच्या मुद्द्याला एक दुरुस्ती सुचवतो. बाजारात आहेत त्या नवख्या परिचारिका. अनुभवी परिचारिकांचा मात्र खरोखर तुटवडा आहे. खासगी रुग्णालयाला दर वर्षी नवी तुकडी कमी पगारात मिळते, म्हणून जुन्यांना थांबवण्यासाठी पगार वाढवण्याची गरज त्याला वाटत नाही. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण एकट्याने सांभाळण्याइतका माणूस तयार व्हायला दोन-तीन वर्षे लागतात आणि नेमक्या त्याच वेळी तो आखाती देशांची, इंग्लंडची किंवा आमच्यासारखा जर्मनीची वाट धरतो. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली होती. तिने २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयांत सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा, १०० ते २०० खाटांना १० टक्के आणि ५० ते १०० खाटांना २५ टक्के कमी चालेल, पण ५० खाटांखालीही २०,००० पेक्षा कमी नको, अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली. तुमच्या तालुक्यातल्या मुलींना आज बारा हजार मिळतात यावरून काय ते समजा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी दहा हजार कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. मी स्वतः त्याआधीच आलो, पण करारामुळे एजंटांची लूट कमी झाली तर चांगलेच. मात्र मे २०२० मध्ये मुंबईत करोनाचा कहर असताना याच महाराष्ट्राने केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका मागितल्या होत्या, हेही लक्षात असू द्यावे. केरळही आपली माणसे जगभर पाठवते, पण तिथे शिक्षणाचा दर्जा आणि संख्या दोन्हींची बैठक अनेक दशकांची आहे. आपण पाठवायला निघालो आहोत ती आपल्याच वॉर्डाला हवी असलेली माणसे.

तिढा

सगळे प्रतिसाद वाचले. माहिती पटते, पण सुरातली एक गोष्ट खटकते. तालुक्यात शाळा नको असे म्हणणे शहरात बसून सोपे आहे. आमच्याकडे बारावीनंतर मुलीला पुण्याला वसतिगृहात ठेवायला कितीतरी पालक तयार नसतात, आणि कला शाखेतून बारावी झालेल्या मुलीलाही जीएनएमला प्रवेश मिळतो, ही लहान गोष्ट नव्हे. माझ्या नात्यातल्या दोघी तालुक्याच्या साध्या संस्थेतून शिकल्या. एक आज आदिवासी भागातल्या उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे आणि तीन हजार लोकवस्तीचे लसीकरण, बाळंतपणे तीच बघते. शहरात शिकलेली तिथे टिकली असती का? त्यामुळे दर्जाच्या नावाखाली गावाकडच्या मुलींची वाट बंद होऊ नये एवढेच म्हणणे आहे.

काटेसावर

तिढा, तुमचा मुद्दा मनापासून मान्य आहे, आणि माझ्या उत्तम विद्यार्थिनी बहुतेक गावाकडच्याच होत्या. पण त्या ज्या केंद्रातून शिकल्या तिथे शुल्क नाममात्र होते, विद्यावेतन होते आणि वसतिगृह रुग्णालयाच्या आवारातच होते. खासगी संस्थेत तीन वर्षांचे शुल्क भरण्यासाठी शेतावर कर्ज काढून बारा हजारांच्या नोकरीला लागलेली मुलगी ही गावाकडच्या मुलीची सोय झाली, असे मला म्हणवत नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये १५७ नव्या नर्सिंग महाविद्यालयांना मंजुरी दिली, प्रत्येकी दहा कोटी रुपये, आणि ती २०१४ नंतरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडूनच काढायची. ती कल्पना मला योग्य वाटते, कारण तिथे वॉर्ड आणि रुग्ण आधीपासून असतात. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातली फारच थोडी आली. पण सायंपाळी यांनी उल्लेखलेली दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आता आहेत. त्यांच्या प्रत्येक आवारात राज्याने स्वतःच्या खर्चाने नर्सिंग महाविद्यालय आणि मुलींचे वसतिगृह काढले, तर हिंगोली किंवा गडचिरोलीच्या मुलीला पुण्याला जावे लागणार नाही. शाळा जिल्ह्यात हवीच. प्रश्न ती कुणाची असावी आणि कोणत्या रुग्णालयाशेजारी असावी, हा आहे.

पाणंद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दरम्यान मी संस्थेकडे चौकशी केली. त्यांचे स्वतःचे रुग्णालय ३० खाटांचे आहे आणि ते शेजारच्या तालुक्यात आहे. ते १०० खाटांपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव आहे, असे सांगण्यात आले. शिक्षकांची यादी मागितली तेव्हा मान्यता मिळाल्यावर नेमणुका करू, असे उत्तर मिळाले. समितीत आता दोन मते आहेत: सरळ नकार कळवावा, किंवा अटी घालून सहमती द्यावी. अटी घालायच्या तर कोणत्या, हे कृपया कुणी नेमके सांगावे.

सायंपाळी

सर, नकार कळवला तरी वरून संलग्नता मिळू शकते, म्हणून अटी लेखी नोंदवून ठेवलेल्या बऱ्या. संस्थेचे स्वतःचे १०० खाटांचे रुग्णालय प्रत्यक्ष सुरू झाल्याशिवाय आणि त्यातील भरलेल्या खाटांची सहा महिन्यांची नोंद दाखवल्याशिवाय विद्यार्थिनी घेऊ नयेत. त्यानंतरही एका पाळीत बारापेक्षा जास्त नकोत आणि त्या सकाळ-दुपार विभागून याव्यात. प्रत्येक तुकडीबरोबर संस्थेची शिक्षिका पूर्ण वेळ वॉर्डात हवी. ती आली नाही तर त्या दिवशी मुलींनी परत जावे. विद्यार्थिनींची नावे ड्यूटीच्या तक्त्यात कोणत्याही कारणाने लिहिली जाणार नाहीत, हे वाक्य ठरावात शब्दशः घ्या. आणि प्रसूतिकक्षाच्या नोंदवहीत प्रत्येक प्रसूतीपुढे एकाच विद्यार्थिनीचे नाव आणि सही, असा रकाना आमच्याकडे एका सिस्टरने स्वतः आखून घेतला आहे, तोही सुचवा. त्याला शासनाच्या परवानगीची गरज नाही, फूटपट्टी पुरते.

संलग्नता शुल्क समितीच्या खात्यात जमा होणार असेल तर त्यातून वॉर्डासाठी एक लिपिक मानधनावर घेता येईल का, हे मात्र कारकून यांनी सांगावे.

कारकून

रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून नियमित पद निर्माण करता येत नाही. मात्र ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीचे मानधन देण्याचा ठराव नियामक मंडळाच्या बैठकीत करता येतो, आणि काही ठिकाणी संगणकावरील नोंदीसाठी असे केलेले मी पाहिले आहे. ठरावात कामाचे स्वरूप "वॉर्डातील नोंदी व इंडेंट" असे स्पष्ट लिहा. नाहीतर तो माणूस पहिल्याच आठवड्यात कार्यालयात बसवला जाईल.